तुटलेला ब्रॅकेट हा त्याच्या साच्याचा नमुना नसतो: बिडाचा भाग ओतण्याआधी संगणकावर काय आखायचं?

अकोल्याकडची जुनी दाल मिल असो, गोंदियाची राईस मिल असो की कास्तकाराच्या घरची कडबा कुट्टी, बेअरिंगचा बिडाचा ब्रॅकेट तडकला की काम थांबतं. वीस-पंचवीस वर्षं जुन्या मशीनचा सुटा भाग बाजारात मिळत नाही. बिडाला साधं वेल्डिंग मारलं, तर टाक्याच्या शेजारीच नवी तडा जाते. मग तुटलेले तुकडे जोडून फौंड्रीत नेतात आणि सांगतात, "याच्यासारखाच एक ओतून द्या."

चूक इथेच होते. वितळलेलं बीड थंड होताना आकसतं, सुमारे १ टक्का. जुना ब्रॅकेटच वाळूत दाबून साचा केला, तर १८० मिमी लांबीचा पाया १७८ च्या आसपास येतो. शाफ्टची उंची ८० ऐवजी ७९ होते, आणि पायाचा खडबडीत तळ मशीनवर सपाट करताना आणखी दोन-तीन मिमी जातात. हाती राहतात ७६-७७. दुसऱ्या बाजूचा ब्रॅकेट ८० चाच असतो. शाफ्ट तिरपा बसतो आणि नवं बेअरिंग थोड्याच दिवसांत गरम होऊन आवाज करू लागतं. फौंड्रीवाल्याने काम नीट केलेलं असतं, फक्त त्याच्या हाती चुकीचा आकार दिलेला असतो.

तयार भाग आणि तो ओतण्यासाठी लागणारा पॅटर्न, म्हणजे वाळूत ठसा उमटवणारा नमुना, हे दोन वेगळे आकार आहेत. पहिल्यातून दुसरा काढणं, हीच साच्याची आखणी. पूर्वी हे काम मुरलेला पॅटर्न मेकर डोक्यात आणि आकसपट्टी, म्हणजे आकसणं धरून आखलेली मोजपट्टी, हातात घेऊन करायचा. आज तेच संगणकावर करता येतं. त्यासाठी फ्रीकॅड हे सॉफ्टवेअर पुरतं. ते फुकट आहे, एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं, आणि एवढ्या कामाला साधा लॅपटॉप चालतो. सॉलिडवर्क्स किंवा फ्यूजन येत असेल तरी हरकत नाही. बटणं बदलतात, विचार तोच राहतो.

वाळूच्या ओतकामाची रीत थोडक्यात अशी. लाकडाचा किंवा प्लास्टिकचा पॅटर्न दोन अर्ध्यांत असतो. खालच्या पेटीत एक अर्धा, वरच्या पेटीत दुसरा ठेवून भोवती ओलसर वाळू ठोकून भरतात. पेट्या उघडून पॅटर्न अलगद उचलतात. जिथे आरपार पोकळी हवी तिथे आधी पक्की केलेली वाळूची कांडी, म्हणजे कोअर, ठेवतात. पेट्या पुन्हा मिटवून बीड ओततात. आखणीतले बहुतेक निर्णय दोन प्रश्नांभोवती फिरतात: पॅटर्न वाळू न मोडता बाहेर निघेल का, आणि धातू पोकळीत शांतपणे भरून नीट गोठेल का?

मापं घेताना

तुटलेल्या भागाची मापं जशीच्या तशी घेऊ नका. झिजलेलं भोक खरं माप सांगत नाही, बेअरिंगवरचा नंबर सांगतो. ६२०६ असेल तर आतला व्यास ३० मिमी, बाहेरचा ६२, रुंदी १६. म्हणजे बेअरिंग ज्या घरात बसतं त्याचं तयार भोक ६२ चं, आणि ते शेवटी लेथवर किंवा बोरिंग मशीनवरच होणार. शाफ्टची उंची दुसऱ्या टोकाच्या शाबूत ब्रॅकेटवरून घ्या. बोल्टच्या भोकांमधलं अंतर मशीनच्या सांगाड्यावरून घ्या, कारण नवा भाग तिथे बसायचा आहे.

पुढच्या सगळ्या हिशेबासाठी एकच ब्रॅकेट धरू: पाया १८० × ६० × १८ मिमी, त्यावर १८ मिमी जाडीची उभी ताण (पाया आणि घर जोडणारी भिंत), तिच्यावर ९० मिमी व्यासाचं आणि ५० मिमी लांबीचं गोल घर, शाफ्टचा मध्य पायाच्या तळापासून ८० मिमीवर.

फ्रीकॅडमध्ये पहिल्यांदा हा तयार भाग काढायचा. पण आकडे थेट स्केचमध्ये टाकू नका. सोबत एक स्प्रेडशीट उघडून त्यात आकसण्याचं प्रमाण, उतार आणि मशिनिंगची जादा जाडी अशा तीन ओळी ठेवा (तिन्हींचा हिशेब पुढे येतो) आणि मापं तिथून जोडा. पहिली कास्टिंग आल्यावर यातला एखादा आकडा हमखास बदलावा लागतो. तो एका जागी बदलला की सगळा पॅटर्न आपोआप बदलला पाहिजे.

पॅटर्न कुठे चिरायचा

ज्या पातळीवर पॅटर्नचे दोन अर्धे वेगळे होतात ती पार्टिंग लाईन. सगळ्या आखणीत हा निर्णय सर्वांत महत्त्वाचा, आणि संगणक तो तुमच्यासाठी घेत नाही. आपल्या ब्रॅकेटला तीन वाटा आहेत.

पहिली, घराच्या मध्यातून आडवा काप. ब्रॅकेट मशीनवर बसतो तसाच वाळूत उभा राहील, पाया खाली. पण पाया १८० मिमी रुंद आणि वरची ताण अरुंद. पॅटर्न वर ओढला की पाया वरची वाळू सोबत उपटून आणेल. वाट बंद.

दुसरी, शाफ्टच्या रेषेतून उभा काप, पायाचे डावे-उजवे दोन भाग करणारा. आता प्रत्येक अर्ध्यात पाया ९० मिमी खोल वाळूत घुसतो. ६० × १८ चा लांब ठोकळा एवढ्या खोलीतून ओढायचा, तर वाळूच्या कडा ढासळणारच. वर घर आणि पाया यांच्यामधला वाळूचा अरुंद पट्टाही मोडू शकतो.

तिसरी, घराच्या लांबीच्या बरोबर मध्यावर, शाफ्टला काटकोनात काप. ब्रॅकेट वाळूत आडवा झोपतो आणि वरून पाहिलं की त्याचा समोरचा पूर्ण आकार दिसतो. प्रत्येक अर्धा फक्त ३० मिमी खोल. काहीही अडकत नाही. हीच वाट घ्यायची.

कापाची पातळी ठरली की पाहायचं असतं एकच: पॅटर्न ओढण्याच्या दिशेने डोळा लावला, तर प्रत्येक पृष्ठभाग दिसतो का? लपलेला दिसला तर तो आकार बदला किंवा तिथे कोअर द्या. बोल्टची १४ मिमीची भोकं या झोपलेल्या अवस्थेत आडवी येतात. ती ओतायच्या भानगडीत पडू नका, भरीव ठेवा आणि नंतर ड्रिल करा. एवढ्या बारीक भोकाची वाळूची कांडी मोडते किंवा तिथली वाळू बिडाला चिकटून बसते.

उतार, जादा जाडी आणि आकसणं

बांधकामावर घमेली एकात एक रचलेली असतात आणि अलगद सुटतात, कारण त्यांच्या कडा बाहेर पसरलेल्या असतात. सरळ उभ्या कडांचे दोन डबे एकात एक बसवून पाहा, ते धरून बसतात. पॅटर्नच्या उभ्या भिंतींनाही घमेल्यासारखा थोडा पसरटपणा लागतो. त्याला ड्राफ्ट म्हणतात. हाताने भरलेल्या वाळूच्या साच्याला बाहेरच्या भिंतींवर दीड ते दोन अंश आणि आतल्या खोबणींना तीन अंशांपर्यंत द्या. खोबणीतली वाळू तिन्ही बाजूंनी पॅटर्नला चिकटलेली असते, म्हणून तिला जास्त लागतो.

फ्रीकॅडच्या पार्ट डिझाइनमध्ये ड्राफ्टचं वेगळं साधन आहे. भिंती निवडायच्या, ओढण्याची दिशा द्यायची आणि एक तटस्थ पातळी सांगायची. या पातळीवरचं माप कायम राहतं आणि बाकीचं कमी-जास्त होतं. नवखे सवयीने पार्टिंगचीच पातळी देतात. मग ३० मिमी खोलीवर दीड अंशाने भिंत सुमारे ०.८ मिमी आत जाते. मशिनिंगसाठी ठेवलेली जाडी तेवढीच खाल्ली जाते. ज्या भिंतीवर मशीन चालणार आहे, तिथे पार्टिंगपासून दूरची कड तटस्थ धरा, म्हणजे उतार देताना धातू वाढेल, घटणार नाही.

मशिनिंगची जादा जाडी या ब्रॅकेटला ३ मिमी पुरे. पायाच्या तळाला ३, म्हणून पाया १८ चा २१. घराच्या दोन्ही तोंडांना ३-३, म्हणून ५० चे ५६. भोक आतून ३-३ ने लहान, म्हणून ६२ चं ५६. बाकी कुठेच वाढवू नका, ते फुकटचं वजन होतं. ओतताना जी बाजू वर असेल तिथे मात्र अर्धा-एक मिमी जास्त ठेवलेला बरा, कारण मळी आणि वायूचे बुडबुडे वर तरंगत येतात. फार कमी जाडी ठेवणं हीसुद्धा चूक आहे. बिडाची बाहेरची कातडी वाळूने भरलेली आणि कडक असते. टूलची पहिली चाल त्या कातडीच्या खालून गेली पाहिजे, नाहीतर कातडीवर घासून टूलची धार जाते.

आता आकसणं. करड्या बिडाला साधारण १ टक्का, ॲल्युमिनियमला १.३, पितळेला १.५, पोलादाला २ टक्क्यांच्या आसपास. पूर्ण आकार १.०१ पटीने मोठा करायचा. १८० चा पाया १८१.८ होतो. शाफ्टची उंची ८० अधिक तळाचे ३, म्हणजे ८३, ती ८३.८३ होते. क्रम महत्त्वाचा आहे: आधी जादा जाडी, मग उतार, मग कोपऱ्यांची गोलाई आणि सर्वांत शेवटी मोठं करणं. गोलाई आधी दिली तर ड्राफ्टचं साधन बहुतेक वेळा चूक दाखवून अडतं. पॅटर्न आणि कोअर दोन्ही एकाच मूळबिंदूपासून मोठे करा, नाहीतर कोअर आपल्या जागेवरून सरकलेली सापडेल.

दोन ठिकाणी हा हिशेब हमखास फसतो. एक, संगणकावर १ टक्का वाढवलेला असतो आणि थ्रीडी प्रिंटरवाला त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा १ टक्का वाढवतो. दोन, लाकडाच्या पॅटर्नवरून ॲल्युमिनियमचा टिकाऊ पॅटर्न ओतायचा असतो आणि फक्त बिडाचं आकसणं धरलं जातं. धातू दोनदा आकसणार, म्हणून लाकूड १.०१३ × १.०१, म्हणजे जवळपास १.०२३ पट हवं.

कोअर आणि तिचे ठसे

घराच्या भोकासाठी ५६ मिमी व्यासाची, वाढवल्यावर ५६.५६ ची कोअर. आपला ब्रॅकेट झोपलेला असल्याने ती उभी राहते. तिला बसायला पॅटर्नवर खाली आणि वर गोल उंचवटे द्यावे लागतात. वाळूत त्यांचे ठसे उमटतात आणि कोअरची टोकं त्यात बसतात. खालचा ठसा २५ मिमी खोल, वरचा १५ मिमी आणि जास्त निमुळता ठेवा. वरची पेटी मिटवताना ती कोअरवर आंधळेपणाने उतरते. निमुळतेपणा कमी असला तर कड घासून वाळू खाली पोकळीत पडते आणि ती पुढे भोकाच्या भिंतीत सापडते. कोअर आणि ठसा यांच्यात सर्व बाजूंनी सुमारे ०.३ मिमी मोकळीक ठेवा.

कोअर बॉक्स संगणकावर काढणं सोपं आहे. एक ठोकळा काढा, त्यातून कोअरचा आकार वजा करा, मध्यातून चिरा. कोअरच्या मधोमध ६-८ मिमीची हवेची वाट आखायला विसरू नका. बीड भोवती आलं की कोअरमधून वायू सुटतो. त्याला ठशातून बाहेर जायला वाट नसेल तर तो बिडात घुसतो आणि भोक बोअर करताना आत फुगे दिसतात. सोडियम सिलिकेट आणि सीओटू वायूने केलेल्या कोअर पावसाळ्यात हवेतली ओल ओढतात, म्हणून आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये त्या करून आठवडाभर ठेवू नयेत.

जाडी सारखी का हवी

चेक धातुशास्त्रज्ञ निकोलास ख्वोरिनोव यांनी १९४० मध्ये मांडलेला नियम आजही प्रत्येक फौंड्रीत चालतो. गोठायला लागणारा वेळ हा घनफळ भागिले पृष्ठफळ या गुणोत्तराच्या वर्गावर ठरतो. सपाट पट्टीची जाडी दुप्पट केली की वेळ जवळपास चौपट. जाड भाग शेवटी गोठतो, शेजारचा पातळ भाग आधीच घट्ट झालेला असतो, मग जाड भागाला उरलेला धातू मिळत नाही आणि आत खड्डा पडतो.

म्हणून आपल्या ब्रॅकेटची रचना मुद्दाम अशी धरली आहे. पाया जादा जाडीसह २१, ताण १८, घराची भिंत १७. ताण भक्कम दिसावी म्हणून ४० मिमीची केली, तर ती पायाला मिळते तिथे गरम गाठ, म्हणजे सर्वांत शेवटी गोठणारा जाड भाग, तयार होईल. आतल्या कोपऱ्यांना ५ ते ६ मिमी गोलाई द्या. टोकदार आतल्या कोपऱ्यात तडा सुरू होते, आणि फार मोठ्या गोलाईने पुन्हा तीच गरम गाठ होते. उलट बाजूला, बिडात ५ मिमीपेक्षा पातळ कडा आखू नका. त्या झपाट्याने थंड होऊन पांढऱ्या, काचेसारख्या कडक होतात आणि ड्रिल लागत नाही.

करड्या बिडात गोठताना ग्रॅफाइट सुटतं आणि ते थोडं फुगतं, त्यामुळे वाळू घट्ट ठोकलेली असेल तर एवढ्या भागाला मोठा रायझर, म्हणजे आकसणाऱ्या भागाला धातू पुरवणारा जादा साठा, बहुधा लागत नाही. हाच ब्रॅकेट ॲल्युमिनियमचा केला तर लागेल. पायाचं घनफळ भागिले पृष्ठफळ सुमारे ७.२ मिमी येतं. रायझरचं गुणोत्तर त्याच्या १.२ पट, म्हणजे ८.६ हवं. उंची आणि व्यास सारखा असलेल्या नळकांड्याचं गुणोत्तर व्यासाच्या एक षष्ठांश असतं, म्हणून व्यास ५२ मिमी.

धातूची वाट

सॉफ्टवेअरने घनफळ सांगितलं की अर्धं काम झालं. जादा जाडीसकट हा ब्रॅकेट सुमारे ४७० घन सेंटिमीटर, म्हणजे ३.४ किलो. धातू पोकळीपर्यंत नेणाऱ्या वाटा, म्हणजे स्प्रू (उभी नळी), रनर (आडवा पाट) आणि इनगेट (पोकळीत शिरणारी तोंडं), धरून ५ किलो बीड ओतायचं. ६ सेकंदांत भरायचं तर सेकंदाला साधारण १२० घन सेंटिमीटर. ओतण्याच्या कपातल्या पातळीपासून स्प्रूच्या तळापर्यंत १५० मिमी पडताना धातूचा वेग सेकंदाला १.७ मीटर होतो. घर्षणाची घट धरून तळाचं क्षेत्रफळ सुमारे ०.९ चौरस सेंटिमीटर, व्यास साडेदहा मिमी.

नळाची धार खाली जाताना बारीक होते, तशीच बिडाचीही होते. म्हणून स्प्रू वर १५ मिमी आणि खाली साडेदहा, असा निमुळता आखा. सरळ पाइपासारखा ठेवला तर धार भिंत सोडते, हवा ओढते आणि ती हवा बुडबुडे होऊन कास्टिंगमध्ये बसते. रनरचं क्षेत्रफळ स्प्रूच्या तळाच्या दुप्पट, १२ × १५ मिमी, आणि तो वरच्या पेटीत. दोन इनगेट, प्रत्येकी १२ × ४ मिमी, खालच्या पेटीत, पायाच्या कडेला. हलकी मळी रनरच्या छताला तरंगत राहते आणि स्वच्छ बीड खालून आत जातं. इनगेट कोअरच्या थेट समोर कधीही ठेवू नका, धार कोअर झिजवते.

वरच्या पेटीवर वजन किती ठेवायचं तेही आखणीतच काढा. द्रव बीड पेटीला वर ढकलतं. उदाहरणार्थ, ब्रॅकेटऐवजी ३० सेंटिमीटर व्यासाची भरीव पुली असेल तर क्षेत्रफळ सुमारे ७०७ चौरस सेंटिमीटर, तिच्यावर १० सेंटिमीटर उंचीचा धातूचा दाब, घनता ७. झाले ४९ किलो. पेटी आणि वाळूचं वजन मिळून यापेक्षा बरंच जास्त नसेल, तर पेट्या उघडून १३५० अंशांचं बीड जोडातून बाहेर येईल. पेट्यांना क्लॅम्प लावा.

पॅटर्न कशाचा

पाच-पन्नास नग काढायचे तर मुरवलेला सागवान उत्तमच. आलापल्लीच्या जंगलाचा सागवान आपल्या दारात आहे. पण लाकूड नीट वाळलेलं हवं आणि पॅटर्नला वॉर्निश हवं, नाहीतर पावसाळ्यात ते फुगतं. एक-दोन नगांसाठी थ्रीडी प्रिंट स्वस्त पडते. आपला पॅटर्न १८२ × १३० मिमीच्या आत आहे, त्यामुळे २२० मिमीच्या सामान्य प्रिंटरवर प्रत्येक अर्धा सपाट बाजू खाली ठेवून निघतो. वाळू ठोकताना पिचू नये म्हणून भिंतीला चार फेऱ्या आणि आत ३० ते ४० टक्के भराव द्या. थरांच्या रेषा वाळूला धरतात, तेव्हा पुट्टी-प्रायमर मारून घासून गुळगुळीत करा. दोन अर्ध्यांना जुळवणाऱ्या दोन खुंट्या मुद्दाम वेगळ्या व्यासाच्या ठेवा, म्हणजे घाईत उलटे जोडले जाणार नाहीत.

थ्रीडी प्रिंटचं पीएलए प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात चंद्रपूर-वर्ध्याच्या उन्हात टिनाच्या शेडखाली किंवा बंद गाडीत ठेवलेला पॅटर्न वाकतो, आणि तो वाकलाय हे कास्टिंग मशीनवर चढेपर्यंत कळत नाही. सावलीत, सपाट फळीवर ठेवा.

पहिली कास्टिंग आली की घासण्याआधी मोजा. सर्वांत लांब माप घ्या, कारण त्यात चूक ठळक दिसते. पॅटर्न १८१.८ चा होता आणि कास्टिंग १८०.५ ची आली, तर त्या फौंड्रीच्या वाळूत, त्यांच्या बिडाला, या आकारासाठी खरं आकसणं ०.७ टक्के आहे. पार्टिंगच्या दोन्ही बाजूंची कड बोटाने चाचपून पायरी लागते का पाहा. लागली तर पेट्यांच्या पिना ढिल्या आहेत, तुमचं ड्रॉइंग नाही. मग स्प्रेडशीटमध्ये १.०१ खोडून १.००७ लिहा, फाइलच्या नावात तारीख टाका आणि हाच आकडा रंगाने पॅटर्नच्या पाठीवरही लिहून ठेवा.